टोपी आणि पदर : अश्वशर्यतींच्या मैदानावरील राजस्त्रियांचे शिरोवस्त्र – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वेशभूषा हा इतिहासलेखनातील दुय्यम विषय मानला जातो. राजकीय घडामोडी, महसूलव्यवस्था, सामाजिक चळवळी यांच्या तुलनेत डोक्यावर काय घातले होते हा प्रश्न किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या समाजात पगडी उतरणे म्हणजे मान उतरणे आणि पदर ढळणे म्हणजे मर्यादा ढळणे असे समीकरण शतकानुशतके रूढ होते, त्या समाजाच्या अभ्यासकाला शिरोवस्त्राकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

इंग्लंडमधील अश्वशर्यती आणि राजघराण्यातील स्त्रियांच्या टोप्या यांचे नाते सर्वपरिचित आहे. मराठी राजघराणीही अश्वशर्यतींशी निगडित होती. त्यांचे घोडे मुंबई-पुण्यातच नव्हे, तर थेट इंग्लंडमध्ये धावले व जिंकले. मात्र या घराण्यांतील स्त्रियांनी शर्यतीच्या मैदानावरील टोपीची प्रथा आपली म्हणून स्वीकारली नाही. असे का घडले असावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे. राजस्त्रियांनी टोपी न स्वीकारणे हा गोषा पद्धतीचा अवशेष होता, असा सर्वसाधारण समज आढळतो. हा समज तपासून पाहणे हे या लेखाचे मुख्य उद्दिष्ट आहे. त्यासाठी बडोदे आणि इंदूर या दोन मराठी राजघराण्यांची उदाहरणे प्रामुख्याने घेतली आहेत.

भीमथडी : घोड्याचा प्रदेश

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुके घोड्याच्या इतिहासाशी फार जुने नाते सांगतात. शिरूर गावाचे रूढ नाव घोडनदी. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीवरून ते पडले. आजचे दौंड व बारामती हे प्रदेश ब्रिटिश काळात भीमथडी या तालुक्यात मोडत. भीमेच्या थडीवर, म्हणजे काठावर, पैदास होणारा चपळ, काटक आणि कमी दाणावैरणीवर लांब पल्ला मारणारा घोडा ‘भीमथडी’ या नावाने प्रसिद्धीस आला. मराठ्यांच्या घोडदळाची भिस्त या घोड्यावर होती. २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारल्या गेलेल्या गीतातही या घोड्यांचा गौरव आला आहे. शिरूर तालुक्यातील आलेगाव पागा या गावाच्या नावात ‘पागा’ हा शब्द आजही टिकून आहे.

इ. स. १८१७ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहानंतर इंग्रजांनी पुणे सहायक घोडदळ उभारले. त्याचे ठाणे शिरूर येथे होते. ३१ डिसेंबर १८१७ रोजी शिरूरहून निघालेल्या तुकडीत याच घोडदळाचे स्वार होते आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. पुढे हे घोडदळ ‘पूना हॉर्स’ या नावाने ओळखले गेले. पेशवाईच्या अस्तानंतर मराठा पागा मोडल्या, शिलेदार शेतीकडे वळले आणि देशी घोड्याची मागणी घटली. ज्या मुलखाने घोडा आणि स्वार पुरवले, त्याच मुलखापासून काही कोसांवर, पुण्याच्या छावणीत, १८३० मध्ये इंग्रजी पद्धतीचे शर्यतीचे मैदान सुरू झाले. त्यावर मुख्यतः अरबी, ऑस्ट्रेलियन आणि कालांतराने इंग्रजी रक्ताचे घोडे धावू लागले. युद्धाचा घोडा मागे पडला आणि करमणुकीचा व प्रतिष्ठेचा घोडा पुढे आला. राजस्त्रियांच्या शिरोवस्त्राचा प्रश्न या बदलाच्या पार्श्वभूमीवरच समजून घ्यावा लागतो.

शर्यत हा शब्द उच्चारताच शिरूर परिसरातील वाचकाच्या डोळ्यांसमोर बैलगाडा शर्यत येते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंद झालेल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळालेल्या या शर्यतीत बैलांपुढे घोडी धावते. तेथे मान फेट्याला असतो. इंग्रजी मैदानावर तो टोपीला होता. शर्यत कोणतीही असो, पशू धावत असताना माणसांचे मानपान डोक्यावरूनच वाचले जात होते, एवढे साम्य येथे नोंदविणे पुरेसे आहे.

घोड्यावर बसणारी राजस्त्री

इंग्रजी शर्यतीचे मैदान येण्यापूर्वी मराठी राजस्त्रीचा घोड्याशी संबंध प्रेक्षक म्हणून नव्हता. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या मृत्यूनंतर कारभार हाती घेणाऱ्या उमाबाई दाभाडे, करवीर राज्याच्या संस्थापक महाराणी ताराबाई, होळकरांच्या अहिल्याबाई यांच्या काळात लष्करी हालचाल म्हणजे घोड्यावरची हालचाल होती. उच्चकुलीन मराठा स्त्रियांमध्ये गोषा होता हे खरे. परंतु गोषा आणि घोडेस्वारी या गोष्टी परस्परविरोधी मानल्या जात नव्हत्या.

या दृष्टीने बायजाबाई शिंदे यांचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. कागलच्या घाटगे घराण्यातील ही कन्या दौलतराव शिंदे यांची पत्नी झाली. पतीनिधनानंतर ग्वाल्हेरचा कारभार तिने पाहिला आणि १८३३ मध्ये तिला सत्ता सोडावी लागली. १८३५ मध्ये फतेहगड येथे तिचा मुक्काम असताना फॅनी पार्क्स या इंग्रज स्त्रीने तिची भेट घेतली. पार्क्सच्या १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात या भेटींचा तपशील आहे. बायजाबाईच्या परिवारातील स्त्रिया कासोटा घातलेल्या लुगड्यात, दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसत. इंग्रज स्त्रियांची एका बाजूला पाय सोडून बसण्याची पद्धत त्यांना विचित्र आणि हास्यास्पद वाटली. पार्क्सने स्वतः मराठी वेश घालून त्यांच्या पद्धतीने स्वारी करून पाहिली आणि ती तिला अधिक सोयीची वाटली.

या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी राजस्त्री आपल्या वेशाकडे न्यूनत्वाने पाहत नव्हती. लुगड्याचा कासोटा आणि डोईवरून घेऊन खोचलेला पदर हा तिच्या दृष्टीने घोड्यावरचा सोयीस्कर वेश होता. तो बदलण्याचे कारण तिला दिसत नव्हते.

‘टोपीकर’ आणि ‘पदर’ : शब्दांची साक्ष

मराठी भाषेतील शब्दव्यवहार या संदर्भात बोलका आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच इत्यादी समुद्रमार्गे आलेल्या व्यापाऱ्यांसाठी ‘टोपीकर’ ही संज्ञा येते आणि त्यांच्यापासून सावध राहण्याचा उपदेशही येतो. म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीच मराठी राज्यकर्त्या वर्गाच्या मनात टोपी हे परकीयाचे व्यवच्छेदक लक्षण ठरले होते. पगडी, पागोटे, फेटा, मंदील हे आपले. टोपी ही त्यांची. पुढे ‘टोपी घालणे’ हा वाक्प्रचार फसविणे या अर्थाने रूढ झाला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

याउलट ‘पदर’ हा शब्द मराठीत आश्रय, मालकी, याचना आणि प्रतिष्ठा अशा अनेक अर्थच्छटा धारण करतो. पदरी माणसे बाळगणे, पदरचे घालणे, पदर पसरणे, पदरी पडणे या प्रयोगांत पदर हा केवळ वस्त्राचा टोकाचा भाग राहत नाही. राजस्त्रीच्या बाबतीत तर ‘पदरी’ असणारी माणसे हाच तिच्या अधिकाराचा मापदंड होता. अशा परिस्थितीत पदराच्या जागी टोपी घेणे म्हणजे एका वस्त्राऐवजी दुसरे वस्त्र घेणे नव्हते. अधिकाराची भाषाच बदलणे होते. पुरुषांच्या बाबतीत हा बदल तुलनेने सहज घडला. संस्थानिक घोड्यावर बसताना, शिकारीला जाताना, युरोपात वावरताना साहेबी टोपी घालत आणि दरबारात पगडी घालत. त्यांना दोन्ही भाषा बोलता येत होत्या. स्त्रियांकडून मात्र एकाच भाषेची अपेक्षा होती.

ॲस्कॉट : टोपीचा नियम

ज्या प्रथेच्या संदर्भात हा प्रश्न उपस्थित होतो, त्या इंग्रजी प्रथेचे स्वरूप थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ॲस्कॉट येथील शर्यती १७११ मध्ये राणी ॲनच्या प्रेरणेने सुरू झाल्या. १८२५ मध्ये चौथ्या जॉर्जने घोडागाड्यांतून मिरवणुकीने मैदानावर येण्याची प्रथा पाडली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ॲस्कॉट हा इंग्लंडच्या सामाजिक वर्षातील प्रमुख सोहळा झाला होता. सातवा एडवर्ड ६ मे १९१० रोजी मरण पावला. जूनमधील शर्यती रद्द न करता उपस्थितांनी संपूर्ण काळा पोशाख करावा असे ठरले. रुंद कडांच्या, पिसांनी लगडलेल्या काळ्या टोप्यांमुळे ते वर्ष ‘ब्लॅक ॲस्कॉट’ म्हणून ओळखले गेले. शोकही टोपीतूनच व्यक्त झाला.

पाचव्या जॉर्जची पत्नी राणी मेरी हिची कडा नसलेली उंच टोपी तिची ओळख बनली. दुसऱ्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत तर ॲस्कॉटच्या दिवशी राणीच्या टोपीचा रंग कोणता असेल यावर पैजा लावल्या जात. एलिझाबेथ स्वतः अश्वपैदाशीची जाणकार होती. २०१३ मध्ये तिच्या ‘एस्टिमेट’ या घोडीने ॲस्कॉटचा गोल्ड कप जिंकला. हा मान मिळविणारी ती पहिली सत्ताधारी राज्यकर्ती ठरली.

येथे दोन बाबी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली, ॲस्कॉटच्या राजकक्षात स्त्रीने डोके झाकणे ऐच्छिक नाही. २०१२ मध्ये नियम अधिक कडक करून केसांत खोचायच्या लहान पिसांच्या अलंकारांना मनाई करण्यात आली आणि टोपीऐवजी शिरोभूषण वापरायचे असल्यास त्याचा पाया किमान ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर, असावा असे ठरविण्यात आले. दुसरी, परदेशी पाहुण्यांना आपल्या देशाचा औपचारिक राष्ट्रीय वेश परिधान करण्याची मुभा या नियमांत आहे. म्हणजे स्त्रीचे डोके झाकलेले असावे हा आग्रह केवळ पूर्वेकडील गोषा पद्धतीचा नाही. युरोपीय राजदरबारी शिष्टाचाराचाही आहे. एका ठिकाणी त्याला पडदा म्हटले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी शिष्टाचार.

पिसांचा व्यापार आणि भारत

ॲस्कॉटच्या टोपीचा भारताशी असलेला आर्थिक संबंध फारसा चर्चिला जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय स्त्रियांच्या टोप्यांसाठी पक्ष्यांच्या पिसांची प्रचंड मागणी निर्माण झाली. विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर येणारी नाजूक पांढरी पिसे विशेष मौल्यवान मानली जात. ती मिळविण्यासाठी नेमके विणीच्या काळातच पक्षी मारले जात आणि पिल्ले घरट्यात मरून जात. भारत हा या पिसांचा एक महत्त्वाचा पुरवठादार होता. १९०२ मध्ये भारत सरकारने वन्य पक्ष्यांची कातडी व पिसे निर्यात करण्यास बंदी घातली. इंग्लंडमध्ये या व्यापाराविरुद्धची चळवळ १८८९ पासून प्रामुख्याने स्त्रियांनीच चालविली. १९०६ मध्ये राणी अलेक्झांड्रा हिने आपण अशी पिसे वापरत नसल्याचे पक्षिसंरक्षण संस्थेला कळविले आणि अखेर १९२१ मध्ये पिसांच्या आयातीला प्रतिबंध करणारा कायदा झाला.

भारतीय राजवेशातही पिसांना स्थान होते. शिरपेच, कलगी आणि तुरा हे पुरुषांच्या पगडीचे अलंकार होते. मराठी राजस्त्रीच्या डोक्यावर मात्र पिसे नव्हती. केसांत राखडी, मूद, केवडा, चंद्र-सूर्य असे सुवर्णालंकार आणि त्यावर पदर अशी रचना होती. युरोपात जे पीस स्त्रीच्या टोपीवर गेले, ते येथे पुरुषाच्या पगडीवर होते. त्यामुळे पिसांची टोपी घालणारी स्त्री ही मराठी दृष्टीला केवळ परकीय नव्हे, तर पुरुषी अलंकार धारण करणारीही वाटली असल्यास नवल नाही.

मुंबई-पुण्याची मैदाने

इ. स. १८०२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टर्फ क्लबच्या परंपरेतून पुढे वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब विकसित झाला आणि १९३५ मध्ये पाचव्या जॉर्जच्या संमतीने त्याला ‘रॉयल’ हे विशेषण लावता आले. भायखळ्याच्या जुन्या मैदानाची जागा १८८३ मध्ये महालक्ष्मीच्या मैदानाने घेतली. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात अशी वाटणी झाली. पावसाळ्यात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा मुक्काम पुण्यात असे. गणेशखिंड येथील ज्या वास्तूत आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे मुख्य कार्यालय आहे, ती वास्तू त्यासाठीच बांधली गेली. गव्हर्नर, लष्करी अधिकारी आणि संस्थानिक पावसाळ्यात पुण्यात एकत्र येत आणि शर्यती हे त्या हंगामाचे केंद्र होते.

या मैदानांचे सामाजिक वैशिष्ट्य असे की, भायखळा क्लबसारख्या युरोपीय क्लबांचे दरवाजे भारतीयांना बंद असताना शर्यतीच्या मैदानावर मात्र घोड्याचा मालक म्हणून भारतीय संस्थानिकाला स्थान मिळत होते. घोडा जिंकला तर चषक त्यालाच द्यावा लागे. त्यामुळे साम्राज्याच्या सामाजिक उतरंडीत बरोबरीचा आभास निर्माण करणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक जागा होती. अशा जागी पत्नीने कोणत्या वेशात उभे राहावे, हा प्रश्न संस्थानिकाच्या दृष्टीने राजकीय महत्त्वाचा होता. वेशाचे राजकारण तत्कालीन राज्यकर्ते पुरेपूर ओळखून होते. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात सयाजीराव गायकवाड साध्या वेशात आले, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांत केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे.

बडोदे : तीन पिढ्यांचा पदर

बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील तीन पिढ्यांच्या स्त्रियांचा विचार केल्यास पदराचा प्रवास स्पष्टपणे दिसतो.

पहिल्या पिढीत महाराणी चिमणाबाई (द्वितीय) येतात. देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई १८८५ मध्ये सयाजीराव तिसरे यांच्याशी विवाहबद्ध होऊन चिमणाबाई झाल्या. महाराजांबरोबर त्यांनी युरोप-अमेरिकेचा प्रवास केला. १९११ मध्ये एस. एम. मित्र यांच्यासह त्यांनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी गोषा सोडून सार्वजनिक समारंभात महाराजांच्या शेजारी बसण्यास प्रारंभ केला. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या. त्या शिकारही करीत. चिमणाबाईंचे स्थान या विषयात शर्यतींमुळे नव्हे, तर त्यांनी घालून दिलेल्या पायंड्यामुळे महत्त्वाचे आहे. गोषा सोडताना त्यांनी पदर सोडला नाही आणि टोपीही घेतली नाही. बाहेर येण्यासाठी वेश बदलावा लागत नाही, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

दुसऱ्या पिढीत त्यांची कन्या इंदिराराजे येतात. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्याशी ठरलेला विवाह स्वतः पत्र लिहून मोडणाऱ्या आणि १९१३ मध्ये लंडन येथे कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह करणाऱ्या इंदिराराजे यांचे आयुष्य कलकत्ता, लंडन आणि युरोपातील उच्चभ्रू वर्तुळात गेले. टोपी घालण्यास त्यांना कुणाचाही अडसर नव्हता. तरीही त्यांची कीर्ती झाली ती फ्रान्समध्ये खास विणून घेतलेल्या शिफॉनच्या साड्यांसाठी. शिफॉनची साडी राजघराण्यांतील स्त्रियांत लोकप्रिय करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. वस्त्र फ्रान्सचे, घडण मात्र भारतीय; डोईवर पदर, पण त्यातून केस दिसावेत इतका पारदर्शक. पदर झाकण्याचे साधन न राहता येथे सौंदर्याचे साधन बनला.

तिसरा टप्पा महाराजा प्रतापसिंहराव यांच्या काळातील. बडोद्याच्या घोड्यांचा हा सुवर्णकाळ होता. १९४३ मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर झालेली पहिली इंडियन डर्बी त्यांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने जिंकली. १९४५ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनी या तत्कालीन विक्रमी किमतीला खरेदी केले आणि आजोबांच्या नावावरून त्याला ‘सयाजीराव’ हे नाव दिले. याच घोड्याने १९४७ मध्ये सेंट लेजर ही इंग्लंडची प्रतिष्ठित शर्यत जिंकली. १९४८ मध्ये ‘माय बाबू’ हा त्यांचा घोडा टू थाउजंड गिनीज शर्यतीत पहिला आला. भारत स्वतंत्र होत असतानाच्या त्याच वर्षात एका मराठी राजाचे नाव धारण करणारा घोडा इंग्रजांच्या मैदानावर विजयी व्हावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

या काळात शर्यतीच्या मैदानावर महाराजांसोबत दिसणाऱ्या स्त्री म्हणजे सीतादेवी. पीठापुरम् येथील तेलुगू राजघराण्यातील सीतादेवी १९४३ मध्ये प्रतापसिंहरावांच्या द्वितीय पत्नी झाल्या. पहिल्या पत्नी शांतादेवी हयात असताना झालेला हा विवाह तत्कालीन राजकीय वर्तुळात वादाचा ठरला. सीतादेवींची राहणी अत्यंत खर्चिक होती आणि संस्थानच्या तिजोरीवर तिचा भार पडला, हेही नोंदविले पाहिजे. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांना पदच्युत केले. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, युरोपीय समाजात पूर्णपणे मिसळलेल्या या महाराणीची सार्वजनिक प्रतिमा साडी आणि रत्नालंकार यांचीच राहिली. पदर आता डोक्यावरून खांद्यावर उतरला होता. डोके उघडे झाले होते; पण टोपीने ते झाकले नव्हते.

तीन टप्प्यांचा क्रम असा दिसतो : गोषा, डोईवरचा पदर, खांद्यावरचा पदर. या क्रमात टोपीचा टप्पा कोठेही येत नाही.

इंदूर : दोन उलट उदाहरणे

बडोद्याच्या उदाहरणावरून सरसकट निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. इंदूरच्या होळकर घराण्यात पाश्चात्त्य वेश स्वीकारल्याचे उदाहरण आहे. यशवंतराव होळकर (द्वितीय) यांच्या पत्नी संयोगिताराजे या कागलच्या घाटगे घराण्यातील. मॅन रे या प्रसिद्ध छायाचित्रकाराने १९२० च्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतर काढलेल्या छायाचित्रांत त्या पाश्चात्त्य वेशात दिसतात. म्हणजे पाश्चात्त्य वेश मराठी राजस्त्रीला अशक्य नव्हता. मात्र ही छायाचित्रे खाजगी वातावरणातील आहेत. संस्थानची महाराणी म्हणून लोकांसमोर येतानाचा वेश वेगळा होता. पाश्चात्त्य वेश ही व्यक्तीची आवड होती आणि साडी ही पदाची खूण.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. यशवंतरावांचे वडील तुकोजीराव (तृतीय) यांनी १९२६ मध्ये राज्यत्याग केला आणि मार्च १९२८ मध्ये नॅन्सी ॲन मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. विवाहापूर्वी नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिचा शुद्धिसंस्कार झाला आणि ती शर्मिष्ठाबाई झाली. टोपीच्या संस्कृतीत जन्मलेल्या या स्त्रीने साडी, कुंकू आणि पदर स्वीकारला. होळकर घराण्याची सून म्हणून मान्यता मिळविण्यासाठी तिला टोपी उतरवावी लागली. मराठी राजघराण्यात येणाऱ्या गोऱ्या स्त्रीने पदर घ्यावा, पण गोऱ्यांच्या मैदानावर जाणाऱ्या मराठी स्त्रीने टोपी घेऊ नये, ही अपेक्षा एकाच तत्त्वाची दोन रूपे होती. घराण्याची प्रतिष्ठा स्त्रीच्या मस्तकावर ठेवलेली होती आणि ती तेथून हलवण्याची मुभा तिला नव्हती.

चर्चा

वरील विवेचनावरून ‘टोपी म्हणजे आधुनिकता आणि पदर म्हणजे मागासलेपण’ हे समीकरण टिकत नाही. ॲस्कॉटच्या राजकक्षातील स्त्री डोके झाकण्याच्या नियमाने बांधलेली होती आणि आजही आहे. बडोद्याची महाराणी मात्र परंपरेच्या नियमातून हळूहळू बाहेर येत होती. एका बाजूला नियम पायाच्या इंचांपर्यंत काटेकोर होत गेला, तर दुसऱ्या बाजूला तो सैल होत गेला.

तथापि पदराचे उदात्तीकरण करणेही इतिहासाला धरून होणार नाही. राजस्त्रियांना पदर राखून बाहेर पडता आले, याचे कारण त्यांच्या घराण्यांची संपत्ती आणि पद होते. मैदानावर त्यांना कोणी अडवू शकत नव्हते. सामान्य घरातील स्त्रीला ही मुभा नव्हती. शर्यतीचा घोडा सांभाळणारे मोतद्दार, नाल ठोकणारे नालबंद, वैरण पुरवणारी कुटुंबे यांच्या घरातील स्त्रियांचा पदर हा प्रतिष्ठेचा विषय नव्हता. उन्हापावसात काम करतानाचे ते साधे संरक्षण होते. भीमथडीच्या शेतात डोक्यावर पदर घेऊन खुरपणारी स्त्री आणि मैदानावर शिफॉनचा पदर सावरणारी महाराणी यांच्या वस्त्राचे नाव एक असले, तरी त्याचा अर्थ एक नव्हता. छायाचित्रांच्या आधारे स्त्रियांचा इतिहास लिहिताना हा भेद नजरेआड होण्याचा धोका असतो, कारण छायाचित्रे महाराणीची निघाली, मोतद्दाराच्या पत्नीची नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील परिवर्तनही सूचक आहे. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व विशेषाधिकार संपुष्टात आले. मैदानावरील राजघराण्यांचे वर्चस्व ओसरून उद्योगपती, अश्वपैदास करणारे व्यावसायिक आणि चित्रपटसृष्टीतील मंडळी पुढे आली. अलीकडच्या दशकांत महालक्ष्मी येथे इंडियन डर्बीच्या दिवशी रुंद कडांच्या, फुलापिसांच्या टोप्या घातलेल्या भारतीय स्त्रियांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात. साम्राज्य असताना राजस्त्रियांनी जी टोपी घेतली नाही, ती साम्राज्य संपल्यानंतर सामान्य श्रीमंत वर्गाने हौसेने घेतली. टोपीमागील सत्ता गेल्यामुळेच टोपी निरुपद्रवी झाली, असे या घटनेचे स्पष्टीकरण देता येईल. परकीय अधिसत्तेची खूण असलेले वस्त्र आता केवळ एका दिवसाच्या करमणुकीचा वेश उरले आहे.

निष्कर्ष

१. मराठी राजघराण्यांतील स्त्रियांनी शर्यतीच्या मैदानावरील टोपीची प्रथा न स्वीकारणे हे गोषा पद्धतीचे अवशेष नव्हते. गोषा सोडलेल्या स्त्रियांनीही टोपी घेतली नाही.

२. मराठी राजकीय परिभाषेत टोपी ही अठराव्या शतकापासून परकीय सत्तेची खूण होती आणि पदर हा आश्रय व अधिकार यांचा वाचक होता. राजस्त्रियांच्या वेशनिवडीमागे ही भाषिक व राजकीय पार्श्वभूमी दिसते.

३. गोषा ते उघडे मस्तक हा प्रवास भारतात टोपीच्या मार्गाने झाला नाही. पाश्चात्त्यीकरण हाच स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा एकमेव मार्ग होता, हे गृहीतक त्यामुळे तपासून घ्यावे लागते.

४. टोपी आणि पदर या दोन्ही प्रथांमध्ये घराण्याची व राज्याची प्रतिष्ठा स्त्रीच्या मस्तकाशी जोडलेली होती. दोन्हींतील नियम स्त्रीने स्वतः केलेले नव्हते. त्यांच्या मर्यादेत राहून तिने आपल्यापुरती जागा निर्माण केली.

भीमथडीच्या घोड्याला अलीकडे देशी अश्वांची स्वतंत्र जात म्हणून शासकीय नोंद मिळाली आहे. घोड्याच्या वंशाची नोंद होत असताना त्या घोड्याभोवती जगलेल्या स्त्रियांची, मग त्या राजस्त्रिया असोत की मोतद्दारांच्या बायका, नोंद घेण्याचे कार्य स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढे आहे. शिरूर व दौंड तालुक्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी जुनी कौटुंबिक छायाचित्रे, पागांच्या व इनामांच्या नोंदी आणि वृद्ध स्त्रियांच्या आठवणी यांचे संकलन हाती घेतल्यास या विषयाला भक्कम स्थानिक आधार प्राप्त होऊ शकेल.